अडीच पट

जेमतेम वीतभर लांबीची, अंगठ्याहून थोडी जाड अशी ॲल्युमिनियमची काळी नळी. मोठ्या स्कोपना पुढच्या टोकाला फुगवटा असतो, तो इथे नाही. नळी सुरुवातीपासून सरळच्या सरळ जाते आणि डोळ्याकडच्या बाजूला तेवढी किंचित जाड होते. मधोमध दोन बुटकी टोपणं, एक वर आणि एक उजव्या अंगाला. ती फिरवून काढली की आत नाण्यानं फिरवता येईल अशी खाच. पुढच्या भिंगाभोवती बारीक सोनेरी कडं. वजन साधारण १८४ ग्रॅम. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरटनची ल्यूपोल्ड अँड स्टीव्हन्स ही कंपनी रायफलीवर बसवायचा हा स्कोप आधी ‘एम८ कॉम्पॅक्ट’ आणि पुढे ‘एफएक्स-टू अल्ट्रालाइट’ या नावानं विकत असे. अडीच पट मोठं दाखवणारा, २० मिलिमीटर भिंगाचा. कंपनीनं तो काढणं बंद केलं, आणि त्यानंतर चांगल्या स्थितीतला एखादा जुन्या बाजारात आला, तर दुकानात नवा मिळत होता तेव्हाच्या किमतीहून जास्त पैसे मोजून लोक तो उचलू लागले.

जुनी वस्तू महागण्याची नेहमीची कारणं इथे लावून पाहिली तर एकही नीट बसत नाही. ही काही राजेरजवाड्यांची चीज नव्हे, की कुण्या नामांकित कारागिरानं हातानं घडवलेली नव्हे. कारखान्यातून वर्षानुवर्षं निघालेला हा माल आहे. भिंगांवर जे प्रकाश-परावर्तन रोखणारे थर देतात ते मधल्या काळात खूपच सुधारले, त्यामुळे आजच्या मध्यम किमतीच्या स्कोपची काचही याच्यापेक्षा स्वच्छ दिसते. मोठं करून दाखवण्याची क्षमता अडीच पट, आणि तीही कमीजास्त करायची सोय नाही. कागदावर पाहिलं तर या वस्तूत पैसे घालावेत असं काही नाही.

पण स्कोप कागदावर वापरत नाहीत. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट केली की स्कोपमधून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी निघते. २० भागिले अडीच म्हणजे ८ मिलिमीटर. माणसाची बाहुली अंधारात, तीही तरुणपणी, फार तर ७ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. पन्नाशीनंतर तेवढीही होत नाही. म्हणजे हे चिमुकलं भिंग डोळा घेऊ शकेल त्याहून अधिक प्रकाश देतंय. सर्वत्र खपणारा तीन ते नऊ पटींचा, ४० मिलिमीटर भिंगाचा स्कोप नवावर नेला तर हाच झोत साडेचार मिलिमीटरपेक्षाही बारीक होतो. जाड झोताचा खरा फायदा उजेडाहूनही वेगळा आहे: डोळा थोडा इकडेतिकडे सरकला तरी चित्र काळं पडत नाही. त्यात या स्कोपला डोळा जवळजवळ पाच इंच मागे ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, आणि १०० यार्डांवर सुमारे ४० फूट रुंदीचा पट्टा एका दृष्टिक्षेपात मावतो. झाडीतून हरीण उडी मारून निघालं, शिकाऱ्यानं रायफल खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकला, की समोर चित्र हजर. शोधाशोध नाही.

मेन, व्हरमाँट, मिशिगन इथल्या दाट रानांत हरणावरची बहुतेक गोळी १०० यार्डांच्या आतच झाडली जाते. तिथे नऊ पटींचं काम काय? नऊ पटींवर राहून गेलेल्या स्कोपमधून ३० यार्डांवरचं हरीण म्हणजे नुसती तपकिरी केसांची भिंत, आणि खांदा कुठला नि मांडी कुठली हे कळेपर्यंत ते पसार.

आता याची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे, कारण या स्कोपचे भक्त ती सहसा सांगत नाहीत. तिन्हीसांजेला दूरचं जनावर ओळखायचं तर नुसता उजेड पुरत नाही, पटही लागते. सहा पटींचा, ४२ मिलिमीटरचा स्कोप त्या वेळी शिंगांची टोकं मोजू देतो. अडीच पटींत एक काळसर आकार दिसतो, बस्स. मचाणावर बसून रात्री रानडुकराची वाट पाहणारे जर्मन शिकारी आठ पटींचा, ५६ मिलिमीटरचा दांडगा स्कोप वापरत आले ते उगाच नाही. त्यातून येणारा झोत नेमका ७ मिलिमीटरचा, म्हणजे बाहुलीच्या मापाचा आहे. तेव्हा छोटा स्कोप श्रेष्ठ, असं माझं म्हणणं नाही. तो एका विशिष्ट कामासाठी पुरेपूर आहे, आणि ते काम अजून चालू आहे, एवढंच.

या अडीच पटीचा वंश ल्यूपोल्डच्याही आधीचा. १९३० मध्ये केंटकी राज्यातल्या बिल वीव्हर नावाच्या पंचविशीतल्या तरुणानं ३३० क्रमांकाचा स्कोप काढला. पाऊण इंच जाडीची पोलादी नळी, पट अडीचच्या आसपास, आणि रायफलीवर बसवायच्या पट्टीसकट किंमत १९ डॉलर. तोपर्यंत चांगले स्कोप जर्मनीहून येत आणि शेतकऱ्याच्या, गवंड्याच्या आवाक्यात ते नसत. वीव्हरनं लवकरच बिऱ्हाड टेक्सासमधल्या एल पासोला हलवलं आणि तिथून मध्यमवर्गीय अमेरिकन शिकाऱ्याच्या रायफलीवर भिंग चढवलं. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला निशाणबाजांसाठी घाईनं रायफली हव्या झाल्या तेव्हा स्प्रिंगफील्ड एम१९०३ए४ वर हाच स्कोप लष्करी नाव घेऊन बसला: एम७३बी१. बसवायची पट्टी रेडफील्डची, स्कोप वीव्हरचा, रायफल रेमिंग्टननं बनवलेली. बाजारात जे तयार होतं तेच उचललं, लढाईसाठी म्हणून काही निराळं घडवलं नव्हतं.

ल्यूपोल्डची सुरुवात १९०७ ची, पोर्टलंड शहरातली, आणि शिकारीशी तिचा काडीचा संबंध नव्हता. फ्रेड ल्यूपोल्ड आणि त्याचा मेहुणा ॲडम फोलपेल जमीन मोजणीची उपकरणं दुरुस्त करत. पुढे जे. सी. स्टीव्हन्स आला, त्यानं नद्यांच्या पाण्याची पातळी आपोआप नोंदवणारं यंत्र आणलं, आणि कंपनी त्यावर चांगली चालली. रायफलीकडे वळण्याची कंपनीत सांगितली जाणारी गोष्ट अशी: मालकांच्या पुढच्या पिढीतला मार्कस ल्यूपोल्ड हरणाच्या शिकारीला गेला, ओरेगॉनच्या पावसाळी हवेत त्याच्या स्कोपच्या आत बाष्प धरलं, नेम हुकला, आणि याहून बरी वस्तू आपण स्वतः बनवू शकतो असं तो चिडून म्हणाला. १९४७ मध्ये त्यांचा ‘प्लेन्समन’ बाजारात आला. नळीतली हवा काढून कोरडा नायट्रोजन भरायचा आणि सांधे घट्ट बंद करायचे, की आत दमट हवाच उरत नाही, मग बाष्प धरणार कशावर? आज प्रत्येक बऱ्या स्कोपमध्ये हे असतं आणि कुणी त्याबद्दल बोलतही नाही. मोजणीच्या उपकरणांत मुरलेल्या लोकांनी स्कोप बनवला याची खूण मात्र त्यांच्या मालावर राहिली. त्यांच्या कारखान्यात ‘पनिशर’ नावाचं एक यंत्र आहे, ते स्कोपला .३०८ रायफलीच्या धक्क्याच्या तिप्पट जोराचे हिसके ५,००० वेळा देतं.

धक्क्याचा विषय निघालाच आहे तर हलकेपणाचा एक फायदा इथेच सांगून टाकतो. रायफल उडते तेव्हा स्कोप आहे तिथेच राहू पाहतो, आणि त्याला ओढून मागे नेण्याचा सगळा ताण त्याला रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्यांच्या चार बारीक स्क्रूंवर येतो. वस्तू जितकी जड तितका हा ताण मोठा. आजचा एक ते सहा पटींचा ‘सगळ्या कामांचा’ स्कोप अर्ध्या किलोच्या पुढे सहज जातो. काही तर ७०० ग्रॅमचे असतात. १८४ ग्रॅमच्या नळीला साधी ॲल्युमिनियमची कडी आयुष्यभर पुरतात. शिवाय पुढे फुगवटा नसल्यामुळे ती रायफलीच्या नळीला जवळजवळ चिकटवून बसवता येते. गाल दस्त्यावर नैसर्गिकपणे टेकतो, आणि रायफल स्कोपखाली मुठीत धरून चालता येते. मार्लिन ३३६ सारखी सपाट अंगाची, खालची दांडी खालीवर करून चालवायची रायफल हातात लोंबती धरून मैलोन्‌मैल फिरणाऱ्याला हे लगेच समजतं. वजनाचा तोल मुठीच्या वर गेला की रायफल हातात उलटायला लागते.

१९८० च्या दशकात या छोट्या स्कोपांना जोर चढला. वेस्ट व्हर्जिनियात मेल्विन फोर्ब्सनं केव्हलार-ग्राफाइटचा दस्ता लावून सुमारे सव्वादोन किलोची शिकारी रायफल काढली. डोंगरावर चढणाऱ्यांची त्यावर उडी पडली. ॲरिझोनात जेफ कूपर ‘स्काउट रायफल’ची कल्पना मांडत होता: मीटरभर लांब, तीन किलोंच्या आसपास, आणि दोन-तीन पटींचा स्कोप पार पुढे, नळीवर बसवलेला. रायफलीचं वजन कमी करायला लोक बोल्टच्या मुठीला भोकं पाडत असताना वर अर्धा किलोचा स्कोप ठेवणं हास्यास्पदच होतं. ल्यूपोल्डच्या यादीत त्या काळी अडीच पटींचा, चार पटींचा, दोन ते सात पटींचा आणि तीन ते नऊ पटींचा असे छोटे स्कोप होते. या शेवटच्याचं भिंग ३३ मिलिमीटरचं आणि वजन २५० ग्रॅमच्या आसपास.

मग ते मागे का पडले? दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या बाजूनं पाहा. काचेच्या कपाटात दोन स्कोप शेजारी ठेवलेत. एक अडीच पट, स्थिर. दुसरा तीन ते नऊ. किंमत जवळपास सारखी, कारण छोटा स्कोप बनवायला काही स्वस्त पडत नाही: नळी तितक्याच काळजीनं कातावी लागते, नेम सरकवण्याची यंत्रणा तीच, सांधे बंद करणं तेच, नायट्रोजन तोच, वाचते ती थोडी काच. तेवढ्याच पैशांत निम्मी वस्तू कोण घेईल? तो दोन्ही स्कोप डोळ्याला लावून दुकानाबाहेरच्या पार्किंगमधली नंबरप्लेट वाचायचा प्रयत्न करतो आणि तीन ते नऊ घेऊन घरी जातो. पुढे लांब पल्ल्याच्या नेमबाजीचं खूळ आलं. नळ्या एक इंचावरून ३० आणि ३४ मिलिमीटरवर गेल्या, टोपणांच्या जागी मोठमोठ्या चकत्या आल्या. जवळच्या कामासाठी लाल ठिपक्याचे साइट आले; स्वीडनच्या एमपॉइंटनं १९७५ मध्ये पहिला काढला तेव्हा त्याची कुणी फारशी दखल घेतली नव्हती, पण बॅटऱ्या सुधारल्यावर त्यांनी रानातलं निम्मं काम काढून घेतलं. अडीच पटीचा स्कोप दोन्हीकडून चेपला गेला.

एवढ्यावर थांबलं तर कंपन्यांना शहाणपण नाही आणि जुन्या वस्तूंचे भक्त तेवढे शहाणे, असा निष्कर्ष निघेल. मला तो पटत नाही. आज चढा भाव देणारे हे लोक तो स्कोप नवा मिळत होता तेव्हा कुठे होते? बहुतेकांकडे एक होता. आणि तो खराब होत नव्हता. यात बॅटरी नाही, फिरणारा भाग जवळजवळ नाही, आणि कंपनीची हमी आयुष्यभराची, तीही मूळ मालकापुरती नाही: स्कोप ज्याच्या हातात असेल त्याला, पावती न मागता. म्हणजे वडिलांचा स्कोप मुलाच्या रायफलीवर, मुलाचा पुतण्याच्या रायफलीवर, आणि अधूनमधून दुरुस्तीला बीव्हरटनची वारी. नव्याचा खप कुठून व्हायचा? चांगल्या मालानंच आपलं गिऱ्हाईक खाल्लं. जोवर दुकानात नवा मिळत होता तोवर जुन्याच्या किमतीला वरून टोपी होती. नवा बंद झाला आणि टोपी निघाली. आपल्याकडे यामाहाची आरएक्स १०० होती तेव्हा लोकांनी चार-स्ट्रोक गाड्या घेतल्या आणि १९९६ मध्ये ती बंद झाल्यावर तिच्यासाठी गॅरेजं पालथी घातली. माणसाचा स्वभाव ओरेगॉनमध्येही वेगळा नाही.

नुसतं बंद होणं मात्र पुरत नाही. निकॉननं २०१९ च्या अखेरीस रायफल स्कोपचा धंदा सोडला, तेव्हा दुकानदारांनी उरलेला माल पाडून विकला आणि लोकांनी स्वस्तात मिळाला म्हणून घेतला; तसेच स्कोप दुसऱ्या चार कंपन्या बनवत होत्याच. डेन्व्हरची रेडफील्ड ही एके काळी ल्यूपोल्डच्या तोडीची कंपनी; तिचा कारखाना १९९८ मध्ये बंद पडला, आणि २००८ मध्ये तिचं नाव ल्यूपोल्डनं विकत घेतलं. पण जुन्या डेन्व्हरच्या स्कोपला पाठीशी कुणी उरलं नाही. सांधा सैल झाला तर खाजगी दुरुस्तीवाला शोधा. भाव टिकायला तीन गोष्टी एकत्र लागतात, असं मला दिसतं: ते काम दुसरं कुणी तितक्या वजनात करत नसावं, वस्तू अजून रोज वापरता यावी, आणि बिघडली तर कुणाकडे तरी नेता यावी.

याहून अगदी निराळा एक बाजार आहे, आणि दोन्ही बाजारांची गल्लत नेहमी होते. तिथे लोक स्कोप वापरायला घेत नाहीत, जोडी पुरी करायला घेतात. १९६० च्या दशकातल्या कोल्ट एआर-१५ च्या वरच्या मुठीत एक खाच असे. तिच्यात बसणारा तीन पटींचा, २० मिलिमीटरचा इवलासा स्कोप कोल्ट विके. सुरुवातीचे विस्कॉन्सिनमधल्या रियलिस्ट कंपनीनं बनवलेले, आणि थोडे व्हिएतनामलाही गेले. दिसायला ठीक, त्यातून पाहायला सुमार. पण २०१८ च्या सुमारास ब्राउनेल्ससारख्या विक्रेत्यांनी त्या काळच्या रायफलींच्या हुबेहूब प्रतिकृती बाजारात आणल्या आणि प्रत्येक प्रतिकृतीला तो स्कोप हवा झाला. रायफली नव्यानं बनवता येतात, १९६० च्या दशकातला स्कोप नव्यानं बनवता येत नाही. एम१९०३ए४ च्या प्रतिकृतींनी वीव्हरच्या त्या १९ डॉलरच्या ३३० ला हाच योग आणला. लष्करी शिक्का असलेल्या नळीला साध्या नळीच्या कितीतरी पट भाव येतो. साहजिकच शिक्के पाडणारेही निघाले. लायमन कंपनीच्या ‘अलास्कन’ या अडीच पटीच्या आसपासच्या स्कोपचं तसंच: एम१सी गॅरंडला तो डावीकडे सरकवून बसवत, कारण गोळ्यांची क्लिप वरून भरावी लागे. या बाजारात वस्तू किती चांगली याला महत्त्व नाही, किती खरी याला आहे. मला स्वतःला त्यात फारसा रस वाटत नाही.

मराठी वाचकाला रायफल म्हटल्यावर आठवेल तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसळे आणि पॅरिसमधलं त्याचं २०२४ चं कांस्यपदक. त्याच्या रायफलीवर स्कोप नव्हता. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत भिंगांची दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक छिद्राची चकती, पुढे कडं, आणि बाकी सगळं डोळा नि श्वास. शिकार आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर संपली. त्यामुळे हा बाजार आपल्याला दुरूनच पाहायचा आहे.

कंपनीनं तो स्कोप पुन्हा का काढू नये, असं भक्त विचारतात. लांबी कमी करायची तर भिंगांची नाभी जवळ आणावी लागते, म्हणजे वक्रता वाढते आणि कडेचं चित्र बिघडू न देणं अवघड होतं. अडीच पटीत हे खपून जातं. तीन ते नऊच्या छोट्या स्कोपमध्ये नवावर डोळा अगदी नेमक्या जागी ठेवावा लागे, ही त्याच्याबद्दलची जुनी तक्रार. पण अडीच पटीची खरी अडचण वेगळी: भिंगं घासून घ्यायची तर मोठ्या संख्येनं घ्यावी लागतात. भाव चढला तो वर्षभरात बाजारात येणाऱ्या थोड्या नगांमुळे. कारखाना चालवायला हजारो लागतात. हे दोन आकडे एकमेकांना भेटत नाहीत.

घेणाऱ्यांची परीक्षा मात्र आता कडक झाली आहे. नळीवरच्या क्रमांकातलं अक्षर वाचून साल काढतात. विजेरी धरून भिंगाच्या कडेला धुरकट चांदवा दिसतो का पाहतात, कारण जोडभिंगांमधला डिंक सुटायला लागला की सुरुवात तिथून होते. नाण्यानं आतली नेमाची फुली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन परत आणतात. नळीखाली कड्यांचे ओरखडे असले तर भाव थोडा पाडून मागतात, पण ते फारसं मनावर घेत नाहीत. बसवल्यावर ते झाकले जातात. दोन टोपणांपैकी एक हरवलेलं असलं तर जास्त घासाघीस होते. आणि दुरुस्तीला पाठवताना आधी फोन करतात, कारण बंद मॉडेलचे सुटे भाग संपले असले तर हमीप्रमाणे बदली म्हणून नवा स्कोप येण्याची शक्यता असते: मोठा, जड, तीन ते नऊ पटींचा.